देवाच्या ओळीतली तार

नाशिकला द्वारकेच्या चौकात वाहनांचा गुंता सुटायची वाट पाहत उभी होते, तेवढ्यात शेजारी एक पिकअप येऊन थांबली. मागे पेठ-सुरगाण्याकडची माणसं दाटीवाटीने बसलेली. बायकांच्या मांडीवर गाठोडी, आणि एका गाठोड्यातून छाटणीच्या कात्रीची, सिकेटरची, लाल मूठ बाहेर आलेली. म्हणजे छाटण्या लागल्या. लग्न होऊन शहरात आले त्याला किती वर्षं झाली, तरी माझं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते दसऱ्याच्या आगेमागे, या लाल मुठी दिसल्या की सुरू होतं.

माहेर कादवा नदीच्या काठचं, द्राक्षांचं. द्राक्षाच्या वेलीला वर्षातून दोनदा कापतात. उन्हाळ्यातली खरड छाटणी नव्या काडीसाठी, आणि ही ऑक्टोबरची फळासाठी. हिला गोडी छाटणी म्हणतात. नाव किती गोड, आणि काम किती निर्दय! पाऊसभर माजलेला हिरवा मांडव आठवड्याभरात उघडाबोडका होतो. मांडवाखाली कधी न आलेलं ऊन जमिनीवर पसरतं. कापलेल्या काडीच्या टोकातून पाण्याचा थेंब ओघळतो, आणि खालच्या मातीला एक ओलसर, तुरट वास येतो. तो वास मी कुठेही ओळखीन. लहानपणी मी तो थेंब जिभेवर घेऊन पाहिला होता. कशाचीच चव नव्हती, पण मी शाळेत सांगितलं की गोड असतो, आणि सगळ्यांनी मान डोलावली, कारण सगळ्यांनीच तो चाखून पाहिलेला होता आणि सगळ्यांनी तीच थाप मारलेली होती.

परवा आईने व्हिडिओ कॉल लावला. तिला फोन धरता येत नाही, त्यामुळे मला अर्धा वेळ तिचा कान दिसतो. मग तिने फोन फिरवला आणि बाग दाखवली. मांडवाखालची एकेक काडी स्वच्छ दिसत होती. आई म्हणाली, मधेमधे अडकतंय मेलं, काय उपयोग असल्या नेटचा. मी हसले. आमच्या गावाला आता इंटरनेटवर चिडायची चैन परवडते, या गोष्टीचा मला झालेला आनंद तिला कसा सांगणार?

कारण मला नव्वदीतलं गाव आठवतं. गावात मोजके फोन होते आणि पावसाळ्यात तेही मुके व्हायचे. वरच्या गावाला टेलिफोनचं ऑफिस होतं, तिथून आमच्याकडे येणारी केबल जमिनीखालून यायची, आणि तिच्या जोडात पाणी शिरलं की कानाला नुसती खरखर. द्राक्षं परदेशी पाठवणारा व्यापारी निरोप धाडायचा तो फॅक्सने, इथे द्वारकेजवळच्या एका दुकानात. कोणत्या दिवशी माल तोडायचा, किती साखर उतरलेली हवी, सगळं त्या गुळगुळीत कागदावर. तो कागद आणायला माझे वडील, तात्या, बसने यायचे. एका वर्षी बस वाटेत बंद पडली. ते पोचले तेव्हा दुकानाचं शटर खाली. दुसऱ्या दिवशी कागद हाती आला, आणि त्यात लिहिलं होतं की गाडी आज सकाळी येईल. ती गाडी आली होती, रिकामी उभी राहिली होती आणि दुसऱ्या गावाचा माल भरून निघून गेली होती. आमची आणि शेजारच्या सुमनकाकींची सगळी द्राक्षं मग गावच्याच बाजारात गेली. तात्यांनी त्यावर घरात एक शब्द काढला नाही. फक्त त्या दिवसापासून त्यांनी बसच्या ड्रायव्हरशी बोलणं सोडलं, आणि बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही की आपण काय केलं.

सुमनकाकींविषयी सांगायला हवं. आमच्या बांधाला त्यांचा बांध. नवरा लवकर गेला, मुली लहान, भावकीचा डोळा जमिनीवर. काकींनी बाग विकली नाही. औषधाचा पंप स्वतः पाठीवर घेतला. बोलणं असं की लोक रस्ता बदलायचे, पण अडलं की त्यांच्याच ओट्यावर येऊन बसायचे. तात्यांचं आणि त्यांचं कधी पटलं नाही आणि कधी तुटलंही नाही. दोघं एकमेकांना बांधावरून टोमणे मारत आणि संध्याकाळी एकमेकांच्या घरी भाजी पाठवत.

आता देवाच्या ओळीविषयी, कारण सगळं तिथेच येऊन थांबतं. आमच्या गावात प्रत्येक बागेतली एक ओळ भैरोबाची. छाटणीच्या आधी तिच्या पहिल्या अँगलला, मांडवाच्या लोखंडी खांबाला, लाल फडकं बांधतात. बाकी बाग मजुरांच्या टोळीला उक्ती दिलेली असते, कात्र्या धडाधड चालतात. देवाच्या ओळीला मात्र मजुराची कात्री लागत नाही. घरच्या माणसाने आंघोळ करून, अनवाणी, एकेक काडी हातात धरून ती ओळ छाटायची. त्या ओळीच्या द्राक्षांचे पैसे चैत्रातल्या यात्रेला जातात. कुस्त्या, वाजंत्री, भंडारा, सगळं त्यातून. यात्रेचा मानाचा नारळ आमच्या घराचा. तात्यांच्या आज्यापासून तो आमच्या घरातला कर्ता पुरुष फोडतो. तात्या तसे साधे, पण त्या दिवशी फेटा बांधून देवळाच्या पायरीवर उभे राहिले की आईसुद्धा त्यांना अहोजाहो जरा जास्तच करायची.

दोन हजारनंतर दिवस झपाट्याने बदलले. निर्यातीच्या बागांची नोंद संगणकावर होऊ लागली, फळात उरलेल्या औषधाच्या अंशाचे रिपोर्ट इंटरनेटवर येऊ लागले. कांद्यावाल्यांना विंचूरच्या बाजाराचे भाव आधी हवे असत. बारावीचा निकालही नेटवर लागायला लागला. निकालाच्या दिवशी गावातल्या पोरी पहिल्या बसने नाशिकला यायच्या, सायबर कॅफेच्या बाहेर रांगेत उभ्या राहायच्या, आणि जिचा निकाल चांगला तिला आनंद करायलाही जागा नसायची, कारण मागच्या मुली ढकलत असत. त्या रांगेत मीही उभी होते. पास झाले, नाशिकलाच संगणकाचा कोर्स केला, आणि सुट्टीला घरी आले की तात्यांचं डोकं खायचे: गावात नेट पाहिजे.

वरच्या गावाच्या टेलिफोन ऑफिसात ब्रॉडबँड आलं तेव्हा तात्या, काकी आणि मी साहेबांना भेटायला गेलो. साहेब माणूस चांगला होता. त्याने चहा पाजला आणि खरं ते सांगितलं. केबल देता येईल, वरून नेली तर पाण्याचा त्रासही नाही. पण वरून न्यायला मधल्या सगळ्या शिवारात खांब लागतील, आणि खांबांना यंदा निधी नाही, पुढच्या वर्षीचंही सांगता येत नाही. गाव खांब उभे करत असेल तर बघा. तात्यांनी विचारलं, किती खांब? साहेबाने सांगितलं. परत येताना तात्या बोटांवर हिशेब करत होते. गावाने वर्गणी काढायची म्हटलं तर तेवढ्या पैशांत दुसरं देऊळ झालं असतं.

कच्च्या रस्त्याने चालत होतो. दोन्ही बाजूंनी बागा, अँगलमागे अँगल, वर ताणलेल्या तारा, वरच्या गावापासून थेट आमच्या वेशीपर्यंत. सुमनकाकी मधेच थांबल्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि समोर बोट दाखवून म्हणाल्या, "दाजी, खांब कामून मागतो आपण? हे काय गवत उभं हाय व्हय?"

मला अजून तो क्षण आठवला की अंगावर काटा येतो. सगळ्यांनी रोज पाहिलेली गोष्ट, आणि कोणालाच दिसली नव्हती. ज्या लोखंडावर गावाची द्राक्षं चढत होती, त्याच्यावर इंटरनेटही चढणार होतं. खांब लागणार होते ते फक्त नाल्यावर आणि रस्ता ओलांडताना. साहेबाने आधी कपाळाला हात लावला, मग लाइनमनला बरोबर घेऊन स्वतः बागांतून हिंडून आला. मांडवाला हात लावून, हलवून पाहिलं. म्हणाला, आमच्या खांबांपेक्षा हे मजबूत आहे.

तरी ते चार खांब, बाकीचं सामान आणि आगाऊ भरायची जोडण्यांची अनामत, एवढा खर्च उरलाच. भैरोबाच्या पारावर बैठक बसली, तीही छाटणीच्याच दिवसांत, लाल फडकी अजून बांधायची होती. काकींनी सरळ सांगितलं की यंदा देवाच्या ओळी तारेला द्या. यात्रेशिवाय वर्ष? कुस्त्यांशिवाय? वरच्या गावाचे लोक काय म्हणतील? सगळे तात्यांकडे पाहायला लागले, कारण नाही म्हणायचा हक्क त्यांचा होता. तात्या बराच वेळ देवाकडे पाहत बसले. मला वाटलं, झालं, आता हे उठून जाणार. त्यांच्या डोळ्यांपुढे ती रिकामी उभी राहिलेली गाडी असावी. ते उठले आणि म्हणाले, "देवाच्या ओळी तारेला देऊ. ही यात्रा सोडून पुढल्या यात्रेला तार चालू नसली, तर नारळ दुसऱ्या घराला द्या. माझ्या घराचा मान संपला."

मान संपला असं म्हणणं सोपं आहे असं ज्यांना वाटत असेल, त्यांनी आमच्या गावात एक यात्रा पाहावी. आई त्या संध्याकाळी तात्यांशी बोलली नाही.

त्या चैत्रात आखाडा ओस होता. पालखी निघाली, नैवेद्य झाला, तात्यांनी नारळ फोडला आणि लोक जेवायला आपापल्या घरी गेले. वरच्या गावाचे पाहुणे म्हणत होते की यांनी देवाला तार नेसवली. तात्या हसून घेत. उन्हाळ्यात, खरड छाटणी आटोपल्यावर, केबल चढली. लाइनमन पुढे आणि अख्खं गाव मागे. ज्याची बाग येईल तो आपल्या हाताने मांडवाला केबल बांधत होता, आणि गाठ बसली की पुढच्याला हाक देत होता. कोणी सुतळीने बांधली, कोणी तारेने, काकींनी जुन्या साडीच्या काठाने. लग्नात आंतरपाट धरायला झाली नसेल एवढी घाई हात लावायला झाली होती.

संगणक ठेवला यात्रेच्या सामानाच्या खोलीत, कारण देवळाला लागून असलेली तेवढीच पक्की खोली रिकामी होती. एका बाजूला ताशे, एका बाजूला लेझीम, मधे संगणक आणि संगणकापुढे मी. कोर्स करून आलेली म्हणून मला बसवलं होतं. पहिलं पान उघडलं तेव्हा दारात एवढी माणसं होती की खोलीत अंधार झाला. काय पाहायचं ते ठरलंच नव्हतं. शेवटी काकी म्हणाल्या, विंचूरचा कांदा बघ. कांद्याचा भाव उमटला. एक आजोबा डोळे पुसत होते. एवढा स्वस्त होता म्हणून असेल, असं तात्या नंतर म्हणायचे.

आणि मग पुढची गोडी छाटणी आली. या लेखात मी ज्या हंगामाविषयी लिहायला बसले, तो हा.

पावसाळाभर बागांवर बोर्डोची फवारणी झालेली. मोरचुदाच्या त्या निळसर पाण्याने पानं, काड्या, अँगल, माणसांचे सदरे, सगळं एकाच रंगाचं होतं. काळी केबलही निळसर, खरबरीत झाली होती. वेलींनी तिला वेढे घालून आपल्यात घेतलं होतं. टोळ्यांना सांगून ठेवलं होतं की जपून, वरून केबल आहे. दरवर्षी आमच्याकडे येणारा सुरगाण्याचा मुकादम सोनूभाऊ आपल्या माणसांना ओळीओळीला तेच बजावत होता.

त्या सकाळी मी ताशांच्या खोलीत बसून बागांची निर्यातीची नोंद करत होते. नोंदीची मुदत संपत आलेली, दारात आपापली कागदपत्रं घेऊन लोक. काकींची बाग भरत असताना पडद्यावरचं पान अर्ध्यातच थांबलं. फोन उचलला, तोही मुका. बाहेर गलका सुरू झाला. तार गेली, तार तोडली. कोणी काही न पाहता ठरवून टाकलं की हे सुरगाणेवाल्यांचं काम. बघताबघता सोनूभाऊला देवळापुढे आणून उभं केलं. त्याची माणसं मागे गोळा झालेली, हातांत कात्र्या, चेहरे उतरलेले. कोणी म्हणत होतं यांचा हिशेब थांबवा, कोणी म्हणत होतं आजच परत धाडा. सोनूभाऊ सारखा सांगत होता की आमच्या हातून झालं नाही, पण ऐकतं कोण.

तेवढ्यात तात्या बागेकडून आले. डोक्याला टॉवेल, सदऱ्यावर निळे डाग, आणि मुठीत केबलचा एक वीतभर तुकडा. गर्दीतून वाट काढत ते सोनूभाऊच्या शेजारी जाऊन उभे राहिले, गावाकडे तोंड करून. तो तुकडा त्यांनी सगळ्यांना दिसेल असा धरला.

"ह्या मानसांना बोलू नका," ते म्हणाले. "म्या तोडली."

झालं होतं ते असं. तात्यांना आपल्या कात्रीचा भारी गर्व. आजवर टोळीतला एकही माणूस त्यांच्या पुढे गेलेला नव्हता. त्या सकाळी सोनूभाऊच्या एका पोरीशी त्यांनी पैज लावली, ओळ आधी कोण संपवतो. पोरगी चपळ, तात्या पन्नाशीच्या पुढचे. हात सुटले. मधेच एक काडी चिवट लागली, तशी त्यांनी सिकेटर दोन्ही हातांनी दाबली. काडी तुटली आणि आतून तांब्याचे केस चमकले. सगळ्या गावाला जपून म्हणून सांगणारा माणूस!

हे त्यांनी स्वतः, कोणी न विचारता, पैजेसकट सांगितलं. मग फेट्यासारखा गुंडाळलेला टॉवेल डोक्यावरून काढला. म्हणाले की तार चालू ठेवायचा शब्द माझा होता, आता नारळाचं तुम्ही बघा. मी खोलीच्या दारात उभी होते. आयुष्यात वडिलांविषयी एवढा अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता, आणि त्यांची एवढी दयाही कधी आली नव्हती. घराचा मान एका कात्रीच्या झटक्यात जातोय हे त्यांना माहीत होतं, आणि तो वाचवायला त्यांना फक्त गप्प राहायचं होतं.

सुमनकाकी पुढे आल्या. त्यांनी तो तुकडा तात्यांच्या हातातून घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि भाजी निवडताना बोलावं तसं म्हणाल्या, "दाजी, देवाच्या ओळीत कधी चुकीची काडी तोडली का तुम्ही?"

तात्यांनी मान हलवली. आजवर कधीच नाही.

"मंग तार ज्या ओळीत हाय, ती ओळ देवाची करा. गावभर. कोनाची कात्री लागते बघू."

लोक एकमेकांकडे पाहायला लागले. पहिलं कोण हसलं माहीत नाही, पण मग सगळे हसले, सोनूभाऊसुद्धा. नारळाचा विषय कोणी काढलाच नाही, आणि आमच्याकडे जो विषय निघत नाही तो मिटलेला असतो. दुपारपर्यंत लाइनमनने जोड दिला आणि आत पाणी जाऊ नये म्हणून वर प्लास्टिकची बाटली कापून चढवली. काकींच्या बागेची नोंद त्याच दिवशी पूर्ण झाली. संध्याकाळी वेशीपासून वरच्या गावाच्या हद्दीपर्यंत प्रत्येक बागेतली लाल फडकी सुटून तारेच्या ओळीला बांधली गेली. ज्यांच्या बागेतून तार जात नव्हती, त्यांची ओळ होती तिथेच राहिली. उतरत्या उन्हात पाहिलं तर तार कुठून कुठे गेली आहे ते एका नजरेत कळत होतं. लांबवर पाहिलं तरी एकामागे एक तांबडे ठिपके.

त्यानंतर ती तार पुन्हा कधी तुटली नाही. वादळाने एकदा खांब वाकला, पण कात्री लागली नाही. पुढच्या चैत्रात कुस्त्या परत आल्या, कारण ओळींचे पैसे अर्धे यात्रेला आणि अर्धे तारेला द्यायचं ठरलं होतं. तात्यांनी नारळ फोडला. माझं लग्न ठरल्यावर त्या खोलीतल्या संगणकावर काकींची धाकटी मुलगी बसली, नंतर आणखी कोणाची. बारावीचा निकाल पाहायला पोरींना बस धरावी लागली नाही. पास झालेल्या पोरी ताशे बडवत बाहेर यायच्या, हाताशीच असायचे ना. सरकार एखाद्या गावाला नेट देतं तेव्हा ते किती चालतं मला माहीत नाही. आमच्या गावाने ते स्वतःच्या मांडवावर, स्वतःच्या देवाच्या पैशांतून चढवलं होतं, आणि गर्व म्हणाल तर आहे मला, चांगला भरपूर आहे.

आता रस्त्याकडेने नवी केबल आली. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. जुनी तार बंद पडूनही बरीच वर्षं झाली. बऱ्याच जणांनी नवे मांडव करताना ती काढून टाकली. पण ओळी राहिल्या, आणि त्यांचा अर्धा पैसा अजून शाळेच्या नेटला जातो. आमच्या बागेत तारही राहिली आहे.

पिकअप दिसली त्याच्या दुसऱ्याच रविवारी मी माहेरी गेले. टोळी शेवटच्या ओळींवर होती. तात्या देवाच्या ओळीत होते, अनवाणी, सकाळचं पाणी केसांत तसंच. आता त्यांना नीट दिसत नाही. डोळ्यांपेक्षा बोटांनीच छाटतात. काडी धरतात, तिच्यावरचे फुटव्याचे डोळे मोजतात, मग कात्री. मीही चपला बांधावर काढल्या आणि त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. त्यांची बोटं चाचपत त्या जोडावर आली. बाटलीचं प्लास्टिक आता पिवळं पडलंय, हात लागला की कुरकुरतं. दोन काड्यांनी तारेला घट्ट वेढा घातला होता आणि तो सोडवणं मोठं किचकट होतं. त्यांची बोटं तिथेच झटत राहिली.

मी म्हटलं, तात्या, कधीची बंद आहे ती तार, तोडली तरी चालेल आता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एक काडी हलकेच सोडवून बाजूला घेतली, मग दुसरी.

"एकदा तोडली ना म्या," ते म्हणाले. "तेवढी बास झाली."

आणि तार सोडून, काडी तेवढी कापली. कापलेल्या टोकावर पाणी आलं. मी बोट लावलं आणि चाखून पाहिलं. गोड होतं.